कालव्याचे टोक

पिंपळदऱ्याच्या माळावर कागदाचा कारखाना आला, तेव्हा तिथल्या काही जागा गावातल्या मुलामुलींसाठी राखून ठेवायचे ठरले होते. पण पहिली भरती निघाली आणि मालक भाऊसाहेब रणनवरे यांनी भरतीच्या नियमांतले ते कलमच काढून टाकले. आयटीआय झालेली गावातली सुगंधा आता घरीच बसणार, हे उघड होते.

ग्रामसभेत भाऊसाहेब ऐटीत म्हणाले, "राखीव हा शब्दच मला खपत नाही. ज्याच्यात धमक असेल, त्याने मिळवावं!"

मी निवृत्त प्राध्यापक. उत्तरादाखल चार मुद्दे मनात जुळवले होते, पण चारही मला लंगडे वाटत होते. तेवढ्यात सरपंच यमुनाबाई उठल्या.

"पटलं, भाऊसाहेब. मग कालव्यात कारखान्यासाठी पाणी राखून ठेवतो, तेही बंद करायचा ठराव घेऊ. ज्याच्यात धमक असेल, त्याने उपसावं."

"अहो बाई, आमच्यापर्यंत थेंब तरी येईल का?"

"का नाही? तुमचा पंप तर तालुक्यात सगळ्यात मोठा!"

"पंप मोठा असून काय करू? कारखाना कालव्याच्या टोकाला आहे. वरचे लोक आधीच सगळं ओढून घेतील!"

"आमची सुगंधाही हुशार आहे, भाऊसाहेब," यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, "फक्त तीही कालव्याच्या टोकाला आहे."

सभा खदखदून हसली. भाऊसाहेब आधी समोरच्या पेल्यातले पाणी प्यायले, मग मॅनेजरकडे वळून हळूच म्हणाले, "ते कलम परत घाला."