नमुन्यातली तीन अंडी

त्या राज्यात असा नियम होता, की जी गोष्ट एकदा संग्रहालयात आली, ती बाहेर उरली नाही असे समजायचे.

नियम वाईट हेतूने केलेला नव्हता. राज्याच्या मधोमध विद्येचे एक नगर होते. तिथे दर दुसऱ्या झाडावर पाठशाळा होती, दर तिसऱ्या झाडावर ग्रंथालय, आणि टेकडीवर ते मोठे संग्रहालय. बगळे एका पायावर उभे राहून प्रबंध लिहीत, घुबडे शिकवीत, साळुंक्या एकाच वेळी दोन्ही बाजूंनी वाद घालीत. वर्षभर दूरदेशीची बदके थव्याथव्याने नगर पाहायला येत आणि प्रत्येक दालनात मान उंच करून ‘वा’ म्हणत. जे आत काचेमागे दाखवायचे तेच बाहेर वाटेवर दिसू लागले, तर काचेला अर्थ काय राहिला, एवढाच विचार त्या नियमामागे होता.

पण नियम पाळायचा म्हटला की डोळ्यांना वळण लावावे लागते. बेडकांचे गाणे संग्रहालयात गेले, तेव्हापासून तळ्यावरून जाणारे मान खाली घालून पावले उचलू लागले. कुंभारमाशीचे मडके आत गेले. ती भिंतीवर नवीन मडकी घडवतच राहिली, आणि येणारेजाणारे भिंतीकडे न बघता शेजारच्या खिडकीचे कौतुक करू लागले. अशा मागे राहिलेल्यांना नगरात भुते म्हणत. भुते बरीच झाली होती. पाहुण्यांना ते अभिमानाने सांगितले जाई, कारण जुन्या नगराला भुते शोभतात. भीती वाटावी अशी गोष्ट वेगळीच होती. तिसऱ्या वर्षी बेडूक आपणहून गप्प झाले. कुणी मनाई केली नव्हती. आपला आवाज आता आपल्यालाच ऐकू येत नाही, असे ते म्हणत.

टेकडीच्या पायथ्याशी एका उंबरावर एक शिंपीण राहत असे. हा पक्षी मुठीएवढाही नसतो, पण पानाच्या दोन कडा जवळ आणून, चोचीने भोके पाडून, सावरीच्या कापसाने त्या शिवतो आणि आत घरटे करतो. तिच्या जोडीदाराला त्याच उन्हाळ्यात शिकऱ्याने उचलले होते. शिवलेल्या पानात तीन अंडी होती आणि तिला दुसरे कुणी नव्हते.

एका सकाळी ती किडे शोधायला गेली असताना दोन बगळे तिथे आले. ते आचार्य घुबडांचे विद्यार्थी होते. संग्रहालयात हस्तकौशल्याचे नवे दालन उघडायचे होते आणि शिलाईचा चांगला नमुना मिळत नव्हता. त्यांनी फांदी कापली. पानात डोकावून पाहिल्यावर अंडी दिसली, तेव्हा एक बगळा घुटमळला. दुसऱ्याने नोंद केली, ‘तीन अंडी, नमुन्याचा भाग.’ काम नेटके झाले याचा दोघांना आनंद होता.

शिंपीण परतली तेव्हा फांदीच्या तुटल्या टोकातून चीक ओघळत होता. तिला आधी वाटले आपले झाड चुकले. ती तीनदा नगरावरून फिरून आली आणि तिन्ही वेळा त्याच टोकावर बसली. मग दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिला खाली बगळ्यांच्या पायांचे ठसे दिसले, ते टेकडीकडे गेले होते.

संग्रहालयाच्या दारात एक वयस्क कासव राखणीला असे. दार राखणे, येणाऱ्याची वहीत नोंद करणे आणि सकाळी काचा पुसणे ही तिन्ही कामे त्याच्याकडे होती. नगरात सगळे त्याला मामा म्हणत. शिंपिणीने जात सांगितली, कासवाने वही उलटून पाहिली.

“बाई, शिंपी पक्ष्याची कालच आत नोंद झाली,” ते म्हणाले. “म्हणजे बाहेर आता तुम्ही नाही.”

“मी तुमच्या पुढ्यात उभी आहे, मामा.”

“मला दिसताय हो. वहीला दिसत नाही.” कासवाने वही मिटली, आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. “भुतांची नोंद करायची नसते. वरचा झरोका उघडाच असतो.”

पिल्लांपायी आई कशालाही तयार होते. ती भूत व्हायला तयार झाली.

नव्या दालनात तिचे पान काचेच्या पेटीत टांगलेले होते. ते वाळू नये म्हणून त्याला रोगण लावले होते, आणि टाके नीट दिसावेत म्हणून वर दिवा ठेवला होता. दिव्याची ऊब पेटीत उतरत होती. अंडी अजून जिवंत होती, हे तिला काचेपलीकडूनही कळले. ती काचेवर चोच आपटून हाका मारू लागली. दालनातली बदके दचकली, मग खूश झाली. या दालनात भूत आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून तिथे गर्दी वाढली.

आचार्य घुबड रोज सकाळी त्या पेटीपाशी व्याख्यान देत. त्यांनी अर्धे आयुष्य एका प्रश्नावर घालवले होते. शिंपी पक्षी टाका घालतो, मग तो टाका सुटत कसा नाही? नक्कीच शेवटी गाठ असणार. ती गाठ कुठे असते, ती कशी मारत, ती विद्या कशी लोपली, यावर त्यांचे तीन जाड ग्रंथ होते. ते कळवळून बोलत आणि ऐकणाऱ्यांचे डोळे ओले होत. कोपऱ्यात काच पुसणारे कासव मात्र एकदा काखेत कळसा आणि गावाला वळसा असे काहीसे पुटपुटले, आणि पुन्हा पुसू लागले.

चौथ्या दिवशी व्याख्यान संपल्यावर शिंपीण सरळ आचार्यांच्या समोर येऊन बसली.

“गाठ नसतेच, आचार्य. कापूस भोकातून बाहेर काढायचा आणि फुलवायचा. तो फुलतो तोच टाका धरून ठेवतो. माझ्या आईने मला असंच शिकवलं. पान तुम्ही ठेवा. मला फक्त माझी अंडी द्या.”

आचार्यांनी तिच्याकडे पाहिले. ते निर्दय नव्हते. निर्दय असते तर गोष्ट सोपी झाली असती. ते हळू आवाजात म्हणाले की बाहेर साप आहेत, कावळे आहेत, शिकरे आहेत. इथल्याइतकी काळजी त्या अंड्यांची कुठेच घेतली जाणार नाही. मग ते विद्यार्थ्यांकडे वळले आणि त्यांना लिहून घ्यायला सांगितले, की त्या जातीच्या भुतालाही आता गाठ आठवत नाही, इतकी ती विद्या खोल बुडाली आहे. बगळ्यांनी लिहून घेतले.

सगळे गेल्यावर आचार्यांनी भिंग काढून पानाचा एक टाका पुन्हा पाहिला. काय दिसले ते त्यांनी कुणाला सांगितले नाही. त्यानंतर मात्र त्या दालनात त्यांनी भिंग कधी आणले नाही.

अंडे चोचीत धरून उडता येत नाही. पिल्ले बाहेर येऊन त्यांना पंख फुटेपर्यंत थांबणे एवढेच शिंपिणीच्या हाती होते. त्यातही तिला मदत मिळाली ती कासवाची. दालन बंद करताना दिवा विझवायचे ते विसरू लागले. सकाळी पेटी आतून पुसण्यासाठी उघडावी लागे. तेवढा वेळ शिंपीण पानात शिरून अंड्यांवर बसे. कासवाला पुसायला आधीच वेळ लागायचा, त्या दिवसांत ते आणखी सावकाश पुसू लागले. पोटाखाली ती तीन अंडी आली की तिला आपण खरोखर आहोत असे वाटे. पेटी मिटली, गर्दी आली आणि सगळे तिच्या आरपार पाहू लागले, की तिला बेडूक आठवत. मग ती झरोक्यातून बाहेर जाऊन तळ्याच्या पाण्यात स्वतःचे प्रतिबिंब पाही. ते दिसेपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसे.

बाराव्या दिवशी व्याख्यान चालू असतानाच पानातून बारीक आवाज आला. तिन्ही पिल्ले बाहेर आली होती.

नगरात असा आनंद पूर्वी झाला नव्हता. लोपलेली जात संग्रहालयाने परत आणली, असे प्रत्येक पाठशाळेत वाचून दाखवले गेले. आचार्यांना खरोखर रडू आले. त्यांनी पिल्ले पेटीतून काढून त्याच दालनातल्या आपल्या बैठकीवर नेली, मऊ पिसांवर ठेवली आणि चिमट्याने भरवू लागले. आईचे काळीज नसेल, पण जागरण होते, माया होती. आणि भुताची हाक ऐकून कोवळी पिल्ले दचकतील म्हणून त्यांनी झरोक्याला जाळी बसवून घेतली. काम चपळ हवे, या सबबीवर कासवाची बदली तळघरात झाली.

शिंपीण रोज जाळीवर येऊन बसे. तिच्या चोचीत अळी असे, म्हणून तिला नीट ओरडताही येत नसे. पहिले काही दिवस तिचा आवाज आला की तिन्ही डोकी वर होत. आचार्यांच्या ते लक्षात आले. त्यांनी पिल्लांना जवळ घेऊन समजावले, की वरून आवाज आला तर घाबरायचे नाही. तुमच्या जातीचे जुने कुणीतरी आहे, फार पूर्वी गेलेले, ते काही करत नाही. पिल्ले हुशार होती. आठव्या दिवसापासून आवाज आला की ती आचार्यांच्या पंखाखाली जाऊ लागली. जाळीवर बसलेल्या शिंपिणीने ते पाहिले. त्या दिवशी तिने आणलेली अळी स्वतः गिळली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन घेऊन आली.

पिल्लांना शिवायलाही शिकवले गेले. ती चोचीने टाका घालत आणि शेवटी ग्रंथात सांगितल्याप्रमाणे गाठ मारत. पान थोड्या वेळाने फाटत असे. आचार्य म्हणत, सराव हवा.

पंख फुटल्यावर समारंभ ठरला. पिल्लांनी पाहुण्यांना स्वतः आपल्या जातीची माहिती सांगायची होती. त्यासाठी झरोक्याची जाळी धुऊन हवी होती, आणि ते काम तळघरातल्या कासवाने मागून घेतले. त्याने जाळी काढली, पाण्यात घातली आणि घासत बसले. समारंभ सुरू झाला तरी जाळी धुऊन झाली नव्हती. कासव काम सावकाश करते हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

दालन गच्च भरले होते. पिल्ले एका फांदीवर ओळीने बसली होती आणि सर्वांत धाकटे पिल्लू बोलत होते. चोच किती लांब असे, शेपूट कशी उभी असे, हे ते न अडखळता सांगत होते. तेवढ्यात शिंपीण झरोक्यातून आत आली आणि त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसली. इतक्या दिवसांत इतक्या जवळून तिने त्याला पाहिले नव्हते. त्याच्या डोक्यावर बापासारखाच तांबूस ठिपका उगवला होता. तिने हाक मारली नाही, तिच्या चोचीत अळी होती.

बदकांत कुजबुज झाली. पिल्लाने आचार्यांकडे पाहिले. आचार्यांनी मान हलवून पुढे बोल असे सुचवले.

“घाबरू नका,” पिल्लू पाहुण्यांना म्हणाले. “हे भूत आहे. ते आमच्या जातीचे आहे, पण ते आता नाही. ते कुणाला काही करत नाही.” त्याचा आवाज स्पष्ट होता, पाठ केलेला होता. पण बोलता बोलता त्याचे पंख थरथरू लागले. “या जातीच्या आया आपल्या पिल्लांना कशा भरवत असत,” ते म्हणाले, आणि पुढचा शब्द यायच्या जागी त्याची चोच नुसतीच उघडली, मोठी, रुंद, आतून लाल, आणि तशीच उघडी राहिली.

शिंपीण पुढे झाली. तिने अळी त्याच्या घशात ठेवली.

पिल्लाने ती गिळली, मान सावरली आणि पाहुण्यांकडे तोंड करून वाक्य पुरे केले. “याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.”

टाळ्या झाल्या. फांदीवरच्या दुसऱ्या पिल्लाचे पंख थरथरू लागले होते. शिंपीण झरोक्यातून बाहेर पडली आणि दुसरी अळी शोधायला गेली.