कणगीत लपवलेलं पान

ही कथा मी शंभरदा सांगितली, तरी नातवंडं पाठ सोडत नाहीत. म्हणे, "आजोबा, लिहूनच द्या." चौथीत शाळा सुटलेला मी, माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेलं अंगण. घ्या, लिहितो. पण मधेच उठायचं नाही.

एका गावात एक चित्रकथी होता. देवळात समईपुढे चित्रांचं एकेक पान उभं धरायचं आणि देवाची कथा गायची, हे त्याचं पिढीजात काम. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवली की एक पान होई. म्हातारपणी त्याचा गाता गळा गेला आणि काम लेकीकडे आलं.

त्याच वर्षी तिच्या पाठच्या भावाला बांधाच्या भांडणात कोणी कोयत्याने ठार मारलं. तेव्हापासून एक चित्र तिला बघवेना. खांब फोडून आलेला देव, मांडीवर आडवा घातलेला दैत्य, देवाच्या कोपरापर्यंत रक्त.

"बाबा, देवाने असं करायचं? मग त्या कोयतेवाल्यात आणि देवात फरक काय?"

"मला काय विचारतेस? मी चित्रं दाखवणारा, देवाचा वकील नाही."

"मग हे पान मी दाखवणार नाही."

"नको दाखवू. लोकांनी विचारलं तर उत्तरही तूच दे."

तिने ते पान भाताच्या कणगीत खोल खुपसलं.

जत्रेच्या दिवशी सांजवेळी देऊळ भरलं. ती गाऊ लागली. देवाचं नाव घेतो म्हणून दैत्य बाप पोटच्या पोराला कड्यावरून लोटतो, आगीत बसवतो. बायांनी तोंडाला पदर लावले. खांब दुभंगला, देव प्रकटला. आणि तिने एकदम शेवटचं पान उचललं. गुढ्या, तोरणं, आनंदीआनंद.

पुढ्यातल्या एका चिमुरडीने विचारलं, "ताई, त्याचा बाप कुठे गेला?"

"गेला कुठेतरी."

"म्हणजे घरातच आहे? मग उद्या परत लोटणार त्याला!"

कोणी हसलं नाही. मागून एक म्हातारी म्हणाली, "अगो बाय, देव काय नुसता खांब फोडायला आला होता?"

लेकीला वाटलं, देवाने पोराला जवळ घेतलं ते चित्र तरी दाखवावं. पानं चाळली. सापडेना. मग तिला आठवलं. ते चित्र त्याच पानाच्या पाठीला होतं.

"बसा, आलेच मी," म्हणत ती घरी धावली. कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि पान ओढून काढलं.

परत येऊन तिने ते समईपुढे उभं धरलं. लोकांकडे दैत्याचं चित्र, तिच्याकडे पाठचं. आजवर हे पान धरताना ती मान वळवायची. आज वळवली नाही. समोरच्या समईचा उजेड झिजलेल्या कागदातून आरपार आला.

दोन्ही चित्रं एक झाली होती. ज्या मांडीवर दैत्य आडवा, त्याच मांडीवर पोर बसलेलं. हातांवरचं रक्त वाळलेलं नाही, आणि तेच हात पोराच्या डोक्यावर, फुलाला लावावेत इतके हलके. आणि देव दैत्याकडे बघतच नव्हता. तो पोराकडे बघत होता.

तिने पान फिरवलं. ती चिमुरडी उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले. मग सगळं देऊळ उभं राहिलं.

भाऊ का गेला, ते लेकीला त्या दिवशीही कळलं नाही. पण बापाला विचारलेला तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. भावाचंही पान कोणीतरी हातात धरून बसलं आहे आणि त्याची पाठ आपल्याला इथून दिसत नाही, एवढ्यावर ती डोळे पुसून गाऊ लागली.

तात्पर्य: देवाच्या कामाची एकच बाजू आपल्याकडे असते. दुसरी त्याच्याकडे. तेवढ्यावरून त्याचा निवाडा करू नये, पान फिरेपर्यंत बसून राहावं.

असा अर्ध्यावर निवाडा करणारा एकजण मला ठाऊक आहे: गेल्या जत्रेत मी हीच कथा सांगत असताना "म्हातारा पोरांना रक्त दाखवतो" म्हणत अर्ध्या कथेतून उठून गेला आणि अजून माझी माफी मागायला आला नाही, तो न्हानू धुरी.