सोनकी आणि अळंबीची परी

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत, गवताने शाकारलेल्या एका इवल्याशा झोपडीत सोनकी नावाची मुलगी राहत होती. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई रानातली पानं आणून पत्रावळी शिवायची आणि त्यावर दोघींचं भागायचं. पण ऐन श्रावणात आई खडकावरून घसरली. पाय मोडला आणि ती अंथरुणाला खिळली.

वैद्यआजोबांनी पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. म्हणाले, "हाड जुळेल, पण अंगात ताकद हवी. आईला चांगलंचुंगलं खाऊ घाल, पोरी."

चांगलंचुंगलं आणायचं कुठून? घरात नाचणीची अंबील तेवढी होती, आणि तीही दिवसेंदिवस पातळ होत चालली होती.

सोनकी रडत बसणाऱ्यातली नव्हती. टोपली घेऊन ती रानात निघाली. वारुळापाशी उगवणारी खायची अळंबी आईने तिला दाखवून ठेवली होती. "ओळखीची नसेल त्या छत्रीला हातही लावायचा नाही," असं बजावूनही ठेवलं होतं. पण त्या वर्षी लोकांनी सगळी वारुळं पार ओरबाडून नेली होती. हिंडून हिंडून सोनकीला एकच अळंबी सापडली. अंगठ्याएवढी, मोत्यासारखी शुभ्र, काठाला गुलाबी छटा असलेली.

सोनकीने हात पुढे केला, आणि थांबवला.

"एकटीच उरलीस का गं?" ती हळूच म्हणाली. "तुला नेलं तर पुढच्या वर्षी इथे कोण उगवणार?"

तिने काटक्या गोळा केल्या आणि शेळ्यांनी तुडवू नये म्हणून त्या चिमुकल्या अळंबीभोवती कुंपण घातलं.

तेवढ्यात ती छत्री गर्रकन फिरली! रुपेरी कण उडाले, पानापानावर चांदणं सांडल्यासारखं झालं, आणि छत्रीखालून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. तिचा घोळदार झगा दुधासारखा पांढरा होता आणि पंख पोपटी, निळे, केशरी असे झळकत होते.

"मी अळंबीची परी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "पोटात भूक असून तू माझं घर राखलंस. माग, तीन इच्छा माग. पण माझे नियम आहेत हं! जे मिळेल ते आपल्या हातांनी पिकवायचं. पिकलेलं एकटीने खायचं नाही. आणि चुकलीस तर लपवायचं नाही. लपवलंस तर उरलेल्या इच्छा गेल्या!"

"मग मला अळंबी हवी, परीताई. आईला रोज पोटभर देता येईल इतकी."

परीने तिच्या ओंजळीत पांढरंशुभ्र बी ओतलं. ज्वारीच्या दाण्यांवर कापूस पिंजून बसवावा तसं ते दिसत होतं. मग तिने पेंढा कसा भिजवायचा, तासभर कढत पाण्यात कसा ठेवायचा, पिळल्यावर थेंब पडणार नाही इतका कसा निथळायचा, ते सगळं सांगितलं आणि ती भुर्रकन दिसेनाशी झाली.

शेजारच्या भागूकाकीने भाताचा पेंढा दिला. कढत पाण्यातून काढलेली पत्रावळीची पानं सोनकीने चार टोपल्यांना आतून लावली. एक थर पेंढ्याचा, एक थर बियाचा, पुन्हा पेंढा, पुन्हा बी. पण दोन टोपल्यांचा पेंढा झाला आणि सरपण संपलं! पाणी नुसतं कोमट. "चालेल तेवढं," असं मनाशी म्हणत तिने उरलेल्या दोन टोपल्या तशाच भरल्या.

आठव्या दिवशी तिने झोपडीच्या सावलीच्या कोपऱ्यात डोकावून पाहिलं. दोन टोपल्यांत रेशमासारखे पांढरे धागे पसरले होते. आणि दोन टोपल्यांत? हिरवीगार बुरशी!

परी पंख फडफडवत खिडकीत येऊन बसली. "काय झालं गं?"

सोनकीच्या मनात आलं, सांगावं की बीच खराब होतं. पण तिने मान वर केली.

"माझं चुकलं, परीताई. सरपण संपलं म्हणून मी कोमट पाण्यावर भागवलं. बी चांगलं होतं."

परीचे पंख एकदम लखलखले. "शाब्बास! चूक सांगता येते त्याला शिकवता येतं. कोमट पाण्यात पेंढ्यातली बुरशी मरत नाही, ती अशी वर येते. आता त्या दोन टोपल्या लांब नेऊन पुरून टाक. राहिलेल्या दोन राख. त्या पुरत्या पांढऱ्या झाल्या की वारा लागू दे, पाण्याचा हलका शिडकावा देत जा."

सोनकीने तसंच केलं. विसाव्या दिवशी टोपल्यांतून टाचणीच्या डोक्याएवढे गोंडे फुटले आणि बघता बघता शिंपल्यांसारख्या मऊ मऊ अळंबीचे झुबके लटकले! पहिला झुबका तिने भागूकाकीला दिला. दुसऱ्याची भाजी केली. आईने दोनदा मागून घेतली. वैद्यआजोबा पाय बघायला आले, तेही जेवूनच गेले.

जाता जाता त्यांनी उसासा टाकला. "ओंडक्यावर एक तांबूस, चकाकणारी अळंबी यायची. माझ्या काढ्यात ती लागते. पण लोकांनी रान साफ केलं. माझी बरणी रिकामी पडलीय."

सोनकीने दुसरी इच्छा लगेच मागितली. परीने वेगळं बी दिलं. सोनकीने लाकडाच्या ओंडक्यांना भोकं पाडली, त्यांत ते बी भरलं आणि मेणाने तोंडं बंद केली. मग वाट पाहिली. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि एके दिवशी ओंडक्यावर लाखेसारखे चकाकणारे तांबडे पंखे उगवले. वैद्यआजोबांनी ते निरखून पाहिले, हुंगले आणि बरणी भरून घेतली.

"आता शेवटची इच्छा," परी म्हणाली. "रेशमी परकर? सोन्याचं घर?"

सोनकी म्हणाली, "भागूकाकीला टोपल्या लावायच्यात. वरच्या आळीतल्या बायाही विचारतायत. दर वेळी बी तूच आणतेस. मला बी करायला शिकव."

"वेडे, एकदा ते शिकलीस की तुला परी लागणार नाही."

"ठाऊक आहे." सोनकीचे डोळे भरून आले. "तुझी आठवण येईल. पण मागणं तेच."

मग परीने तिला ज्वारी उकडायला लावली. दाणा शिजावा पण फुटू नये. स्वच्छ मडक्यात दाणे भरून, त्यांना चांगली वाफ देऊन, निवल्यावर टोपलीतल्या पांढऱ्या धाग्यांचा एक तुकडा आत कसा सोडायचा तेही दाखवलं. काही दिवसांनी मडकं उघडलं तर आत बर्फासारखं पांढरं बी!

"हे सगळं तुझं," परी म्हणाली. तिने सोनकीच्या कपाळाला इवलेसे ओठ टेकवले. गुलाबी, पोपटी, सोनेरी प्रकाशाचा लोट उठला, झोपडी उजळून निघाली आणि परी त्या प्रकाशात विरून गेली.

प्रकाश ओसरला तेव्हा दारात आई उभी होती, आता काठीशिवाय, आपल्या दोन्ही पायांवर. तिच्यामागे आळीतल्या बाया टोपल्या घेऊन आल्या होत्या.

सोनकीने डोळे पुसले, मडकं उचललं आणि म्हणाली, "या, बसा. सुरुवात पेंढ्यापासून करू."