शाम्पूचं मूळ गाव

"शाम्पू हा शब्द माझ्यासमोर जन्मला पाहिजे," महाराज म्हणाले. "आज सूर्यास्तापर्यंत. नाहीतर मास्तर, उद्यापासून तबेल्यात घोड्यांना इंग्रजी शिकवा."

विलायतेहून शाम्पूची बाटली आली होती, म्हणून हे संकट. माझ्या कोशात त्याचे दोन अर्थ होते : अंग दाबणे आणि केस धुणे. कोरडं आणि ओलं एकाच शब्दात कसं, असं महाराजांनी विचारलं. मी पडलो पुण्याचा. माहीत नाही म्हणायची जिभेला सवय नाही. शाम्पियस नावाचा रोमन सरदार रोज डोकं धूत असे, असं मी ठोकून दिलं. महाराजांनी सरदाराच्या बापाचं नाव विचारलं आणि माझं बिंग फुटलं; म्हणून आता शब्द त्यांच्या डोळ्यांदेखत जन्मायला हवा होता.

दुपारी गेंदालाल न्हावी दाढी करायला आला. आमचं संस्थान माळव्यातलं. महाराज घरात मराठी बोलत, नोकरांना हुकूम हिंदीत. गेंदालालला दोन्ही येत, वाचता एकही येत नसे. मी रडकुंडीला येऊन त्याच्यापुढे सगळं ओकलो.

"दाबणं आणि धुणं?" त्याने वस्तरा थांबवला. "मग संध्याकाळी मालिशीला तुम्हीही चला, मास्तरसाहेब."

संध्याकाळी महाराज चौरंगावर बसले. गेंदालालने टाळूवर तेल थापलं, बोटं चालवली. महाराजांचे डोळे मिटले, तसा त्याने हात उचलला.

"रुक क्यों गए? चांपो," महाराज म्हणाले.

तो दोनदा दाबून पुन्हा थांबला.

"अरे चांपो, चांपो!"

"जन्मला, सरकार. तुमच्याच तोंडून," गेंदालाल म्हणाला.

महाराजांनी एक डोळा उघडला. "काय जन्मला?"

"शाम्पू. एखादा साहेब असाच बसला असेल. हात थांबला की चांपो म्हणायचं, एवढं शिकला आणि तोच हुकूम घरी घेऊन गेला. तिकडे दाबणारा कुठला मिळायला? तेल मात्र धुवावंच लागतं. दाबणं सुटलं, धुणं राहिलं."

"आणि तो रोमन सरदार?"

"त्याची दाढी आमच्या घराण्यात कुणी केलेली नाही, सरकार."

महाराजांनी माझा कोश मागवला. त्या शब्दाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं : हिंदुस्तानी, 'चांपो', म्हणजे दाबा. तिथवर मी वाचलंच नव्हतं.

महाराज इतके हसले की तेल कानात गेलं. हातातलं चांदीचं कडं त्यांनी गेंदालालला दिलं. माझी नोकरीही राहिली, पण एका अटीवर : दरबारात कुठलाही शब्द समजावण्याआधी तो गेंदालालकडून तपासून आणायचा.