नवी चेन, जुनं स्प्रॉकेट

आबासाहेबांच्या घरात सून सगळ्यांच्या मागून जेवायची. नव्या नवरीनं, केतकीनं, कारण विचारलं तेव्हा आबा गरजले, "नव्यानं जुन्याशी जुळवून घ्यायचं असतं!"

एके सकाळी अंगणात आबांच्या लाडक्या मोटारसायकलची चेन बदलायला काढली. मुलगा म्हणाला, "चेनीची दातेरी चाकं, ती स्प्रॉकेटं, राहू देत जुनीच." आबा खेकसले, "अरे, झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवलीस तर ती बिचारीच झिजून मरेल! चेनीबरोबर स्प्रॉकेटंही बदलायची."

चहाचा कप पुढे करत केतकी हळूच म्हणाली, "मामंजी, नव्या चेनीची एवढी माया येते तुम्हाला. मग नव्या सुनेनं एकटीनंच का झिजायचं?"

आबांचा चहा निवून गेला.

दुपारी ते पानावर बसले, पण घास उचलेनात. म्हणाले, "तुझंही ताट आण, पोरी. जुनं स्प्रॉकेट बदलायला घेतलंय."