उघड्या टोकाची चांदणी

खाडीकाठच्या या आगरपाड्यात नाताळच्या आठवड्यात आलात, तर घरोघरी बांबूच्या कामट्यांची, पतंगाच्या कागदाची चांदणी टांगलेली दिसेल. प्रत्येक चांदणीचं एक टोक मात्र उघडं, नुसत्या कामट्यांचं. पाहुण्यांना वाटतं, काम अर्धवट राहिलं. तसं नाही, मंडळी.

फार पूर्वी इथे पटकीची साथ आली. त्यात मोतेनबाय नावाच्या बाईचा नवरा आणि दोन्ही मुलं गेली, असं सांगतात. लोकांनी भीतीनं तिचा उंबरठा सोडला. पुढे साथ गेली, भीती गेली, पण न जायची सवय तशीच राहिली. मोतेनबाय देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसे आणि एकटीच घरी परते. मुलांसाठी करायची तशी चांदणी मात्र ती दर नाताळला करी.

एका वर्षी तिचा कागद संपला. एक टोक उघडंच ठेवून तिनं चांदणी टांगली. वाडीतून केळी घेऊन चाललेली पाड्यातली एक सून, रेमेत, अंगणापाशी थबकली.

"मोतेनबाय, एक टोक राहिलं की गं!"

"कागद सरला, बाय."

रेमेतनं घरून कागद आणला, खळ लावून चिकटवला. मग दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या. कितीतरी वर्षांनी त्या घरातून हसण्याचा आवाज आला, म्हणे.

पुढच्या वर्षी कागद भरपूर होता. तरी मोतेनबायनं एक टोक उघडं ठेवलं. रेमेत तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती. बाकीच्यांनी येता-जाता चांदणी पाहिली. जो तो म्हणाला, कुणीतरी जाईल.

नाताळ संपवणारा सहा जानेवारीचा तीन राजांचा सण झाला तरी चांदणी उतरेना, तेव्हा लोक आत गेले. मोतेनबाय खाटेवर निष्प्राण पडलेली होती. खिडकीत मापानं कापलेला कागद होता, खळ वाटीत वाळून गेली होती, आणि समोरासमोर दोन पाट मांडलेले होते.

रेमेत परत आली, तेव्हा तिला हे सगळं कळलं. पुढच्या नाताळला तिनं स्वतःच्या चांदणीचं एक टोक उघडं ठेवलं. मग शेजारणीनं ठेवलं, मग सगळ्या पाड्यानं.

आजही ते टोक घरच्यांनी चिकटवायचं नाही आणि त्यासाठी कुणाला बोलवायचंही नाही. कुणी आपणहून आलं, तरच ते भरतं. आता पोरं परदेशी गेली, बरीच घरं एकेकट्या म्हाताऱ्यांची. काही चांदण्या तीन राजांच्या सणापर्यंत वाट पाहतात. मग घरची म्हातारी स्टुलावर चढते आणि चांदणी तशीच उतरवून ठेवते.