ब्रेकची ओरड

चार लाथा खाल्ल्याशिवाय मोटारसायकल जागची हलत नसे, तेव्हाची ही गोष्ट. कोंडिबानानांची गाडी त्यातलीच. पुढचा ब्रेक नावापुरता, आणि मागचा दाबला की असा किंचाळायचा की गावची कुत्री उठून बसायची.

एकदा नाना लेकीच्या सासरी निघाले. ही ओरड ऐकून व्याही हसतील म्हणून त्यांनी तेलाची बुधली काढली. कोरडी पडलेली चेन हरखली. म्हणाली, "आला बाई एकदाचा माझा नंबर!"

पण नानांनी तेल सोडलं ते ब्रेकमध्ये.

"अहो, मी झिजलोय म्हणून ओरडतोय," ब्रेक कळवळला. "मला बदला. तेल पाजलंत तर चाक धरू कशानं?"

नानांना ती नुसती कुरकुर वाटली. त्यांनी आणखी तेल सोडलं. ब्रेक गप्प झाला.

"बघ, कसा शहाण्यासारखा बसला," नाना बायकोला म्हणाले.

"गप्प बसला म्हणजे बरा झाला होय?" ती फणकारली. "माझंही तुम्ही असंच धरून चालता."

व्याह्यांचं घर उताराच्या पायथ्याशी. नानांनी ब्रेक दाबला, पण चाक काही थांबेना. गाडी सारवलेल्या अंगणात घुसली, वाळत घातलेल्या पापडांवरून गेली आणि नानांना शेणाच्या ढिगात बसवूनच थांबली.

व्याही पडवीतून धावत आले. "अहो नाना, तुम्ही होय! एरवी वेशीपासून वर्दी मिळते. आज आलात ते कळलंसुद्धा नाही!"